एका वेलांटीची फेरमोजणी

म्हस्के भाऊसाहेबांशी भांडायचं असेल, तर त्यांचा विराम किती मात्रांचा आहे हे आधी विचारून घ्यावं लागतं. नाहीतर आपण बोलत राहतो, आपला आवाज चढत जातो, आणि भाऊसाहेब डोळे मिटून उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावत उभे राहतात. पाच, सहा, सात. आठ झाले की डोळे उघडतात आणि बोलायला लागतात. आपण वाक्याच्या मध्यावर असलो तरी त्यांना त्याचं काही नसतं, कारण त्यांची जागा आलेली असते.

आमच्या सावेडीच्या सोसायटीत पार्किंगच्या पांढऱ्या रेघा त्यांनी स्वतः टेप लावून मारल्या आहेत. मागच्या सभेत सेक्रेटरी त्यांच्यावर चांगलेच घसरले. माझ्या गाडीचं चाक रेघेबाहेर दोन बोटं गेलं तर कुठं आभाळ कोसळतं, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो त्यांनी तीनदा, दर वेळी वरच्या पट्टीत मांडला. भाऊसाहेब मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "दोन बोटं नाही. पाच सूत." आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी गाडी पाच सूत आत घेतली.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी आणि सुतार सोडले तर हा शब्द आता फक्त भाऊसाहेबांच्या तोंडी उरलाय. "सूतभर म्हणजे सूतभर" हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी 'साधारण' किंवा 'अंदाजे' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. शकुंतलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजीत मीठ अंदाजे घालतात, तर हे विचारणार, अंदाजे म्हणजे किती. त्या माऊलीनं पंचेचाळीस वर्षं या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही, आणि संसार त्यामुळेच टिकला असं माझं मत आहे.

भाऊसाहेब जमीन मोजणीच्या खात्यात होते. साखळी, खुंट्या आणि नकाशाची गुंडाळी घेऊन त्यांनी अख्खा जिल्हा पायाखाली घातला. त्यातली बरीच वर्षं राहुरी तालुक्यात गेली. आपल्याकडे तलाठी असो की मोजणीदार, गावाला तो भाऊसाहेबच. मोजणीदाराला बोलावणं येतं ते बहुतेक बांधाच्या भांडणात, आणि बांध असतो बहुतेक दोन भावांच्या मधे. "मी आयुष्यभर दोन भावांच्या मधे उभा राहिलो, बाई," ते मला एकदा म्हणाले. "एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात घाम पुसायला रुमाल."

मला ते बाई म्हणतात, कारण मी अडतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करणं हा माझा धंदा होता. आता तो, माझ्या सुनेच्या मते, आजार झालाय. दुकानाच्या पाटीवर 'किराना' दिसलं की मी दुकानात शिरून मालकाला सांगते. भाऊसाहेबांचं आणि माझं जमलं ते यामुळेच. ते माणसांचे इंच पाहतात, मी माणसांचे ऱ्हस्व-दीर्घ पाहते. आम्हा दोघांना सोसायटीत लोक लांबूनच नमस्कार करतात.

हा माणूस गातो, हे मला इथं राहायला आल्यावर वर्षभरानं कळलं. आणि गातो म्हणजे काय, तर तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं गाणं. बरोक त्याचं नाव. ते ऐकल्यावर आमच्या वॉचमनने विचारलं होतं, "बारीक गाणं म्हंजी हळू आवाजात का?" भाऊसाहेबांनी त्याला जिन्यात उभं करून खर्जातला एक सूर लावून दाखवला. तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं. वॉचमन अजूनही त्याला बारीक गाणंच म्हणतो.

या नादाची सुरुवात कशी झाली, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. शहरातल्या एका जुन्या चर्चच्या आवारभिंतीची मोजणी निघाली. तंटा काही नव्हता, नुसती कागदपत्रं नीट करायची होती. भाऊसाहेब भिंतीशी साखळी धरून उभे, आणि आत गाण्याचा सराव चाललेला. दोन आवाज होते. एक वर, एक खाली. दोघं वेगवेगळं गात होते, तरी एकमेकांच्या अंगावर जात नव्हते. भाऊसाहेबांचा आकडा चुकला. नोकरीत पहिल्यांदाच. त्यांनी पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एकदा मोजलं. ज्या भिंतीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती तिची त्यांनी तीनदा फेरमोजणी केली, आणि तिसऱ्या दिवशी तिथले शांतवन सर बाहेर येऊन म्हणाले की साहेब, भिंत कुठं जात नाही, तुम्ही आत येऊन बसा.

शांतवन सर शाळेतून निवृत्त झालेले, चर्चमधलं गायनमंडळ तेच चालवतात. मंडळात अकरा जण. भाऊसाहेब बारावे झाले, आणि सतरा वर्षं खर्ज सांभाळून आहेत. पूजाअर्चा त्यांची घरी, गाणं चर्चमध्ये. यावर कुणी भुवई उंचावली तर ते म्हणतात की सुराचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो.

दोन आवाजांच्या गाण्याची फोड ते त्यांच्या पद्धतीनं करतात. वरचा आवाज म्हणजे एका भावाचं रान, खालचा म्हणजे दुसऱ्याचं, आणि मधे बांध. दोघांनी आपापलं पीक घ्यायचं, बांध कोरायचा नाही. शांतवन सर म्हणतात की संगीताच्या पुस्तकातही याच्याइतकं सोपं त्यांनी वाचलेलं नाही.

पण सुरुवातीला भाऊसाहेबांनी एक घोटाळा केला होता. गाण्याच्या कागदावर शेवटी 'डी. सी.' अशी दोन अक्षरं लिहिलेली असतात. भाऊसाहेबांचा जन्म सरकारी कागदात गेलेला. त्यांनी ते वाचलं 'डेप्युटी कलेक्टर'. आठ दिवस ते या विचारात, की एवढ्याशा गाण्याचं प्रकरण डेप्युटी कलेक्टरकडे का गेलं असेल. शेवटी धीर करून विचारलं, तेव्हा सरांनी सांगितलं की त्याचा अर्थ पुन्हा पहिल्यापासून. पहिला भाग गायचा, मधला गायचा, आणि परत पहिला गायचा. भाऊसाहेबांना हायसं वाटलं. त्यांनी लाल पेन्सिलीनं तिथं लिहिलं: फेरमोजणी. तेव्हापासून त्यांच्या सगळ्या कागदांवर तोच शब्द आहे, आणि मंडळातले बाकीचेही आता सरावात "फेरमोजणीपासून घ्या" असंच म्हणतात.

परभाषेतले शब्द ते देवनागरीत वहीत उतरवून घेतात आणि माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी चष्मा लावून तपासते, कारण मोह आवरत नाही. त्यातलेच दोन शब्द मला पाठ झाले. 'ग्वेर्रा' म्हणजे युद्ध, आणि 'पाचे' म्हणजे शांती. दोघांनी मिळून गायचं एक गाणं आहे. पहिल्या भागात दोन आवाज 'ग्वेर्रा, ग्वेर्रा' म्हणत एकमेकांवर तुटून पडतात. मधला भाग संथ, तिथं 'पाचे'. आणि त्याखाली डी. सी.

या गाण्यावरून भाऊसाहेब शांतवन सरांशी भांडले होते, अर्थातच विराम मोजून. शांती झाल्यावर परत भांडण हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. फेरमोजणी केली की पुन्हा युद्धच हातात येतं, मग मधे शांती गाऊन मिळवलं काय? सर म्हणाले, "शब्द तेच राहतात, भाऊसाहेब. पण मधला भाग गाऊन आलेला माणूस तोच राहत नाही. दुसऱ्या खेपेला तेच भांडण तुम्हाला वेगळं गाता आलं पाहिजे."

"फेरमोजणीत आकडे बदलत नसतात, सर," भाऊसाहेब म्हणाले, आणि घरी आले. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मला त्यांनी ते चारपाच वेळा ऐकवलं, दर वेळी जरा वेगळ्या आवाजात.

घरी ते संध्याकाळी गॅलरीत बसून सराव करतात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. ते खालचा आवाज गातात, मग थांबतात, बोटं मोजतात, पुन्हा गातात. मधल्या जागा नुसत्या मोकळ्या. एकदा मी शकुंतलाताईंना विचारलं की ते वरचा आवाज मोबाईलवर का लावून घेत नाहीत, सरांनी रेकॉर्ड करून दिलाय ना? त्या पालक निवडत होत्या. म्हणाल्या, "ती जागा नामदेवभाऊजींची आहे."

मग त्यांनी सांगितलं. म्हस्के मूळचे पुणतांब्याचे. भानुदास, म्हणजे आपले भाऊसाहेब, आणि नामदेव हे दोघंच भाऊ, वयात चार वर्षांचं अंतर. गोदावरीकाठच्या देवळात भजनाला भानुदासनं खालून सुरुवात करायची आणि धाकट्या नामानं वरून धरायचं, ही लहानपणापासूनची रीत. भाऊसाहेब नोकरीला लागले, नामदेवरावांनी शेती सांभाळली. सणावाराला भाऊसाहेब गावी गेले की देवळात तीच जोडी.

वडील गेले आणि वाटणीची वेळ आली. नामदेवराव म्हणाले, दादा, पावलानं टाकू बांध, तू म्हणशील तिथं. पण भाऊसाहेबांना अंदाज चालत नाही. त्यांनी साखळी आणली. स्वतःच्या भावाच्या रानात खुंट्या ठोकल्या. वडिलांच्या वेळचा बांध दीड हात चुकलेला निघाला, आणि तो दीड हात भाऊसाहेबांच्या बाजूला आला. त्या पट्ट्यात नामदेवरावांनी लावलेलं पेरूचं झाड होतं. भाऊसाहेबांना ना त्या पट्ट्याची हाव होती ना पेरूची. आकडा बरोबर यायला हवा होता, एवढंच. त्यांनी हद्दीचा दगड बरोबर जागेवर पुरला आणि हात झटकून भावाकडे पाहिलं. नामदेवराव म्हणाले, "दादा, रान मोजायचं हुतं. तू भाऊ मोजला."

एवढंच बोलून ते घरात गेले, आणि एकोणीस वर्षं बोलले नाहीत. भाऊसाहेबांनी पुढं तो पट्टा भावाच्या नावावर करून द्यायचा कागद पाठवला, तो परत आला. फोन केले, ते उचलले गेले नाहीत. पुतणीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. "मला काही बोलत नाहीत," शकुंतलाताई म्हणाल्या, "पण त्या चर्चच्या भिंतीपाशी दोन आवाज ऐकून आले ना, त्या दिवशी जेवले नव्हते." त्यांनी पालकाच्या काड्या गोळा केल्या आणि आत गेल्या. मी भाऊसाहेबांच्या गॅलरीकडे पाहिलं. ते बोटं मोजत होते.

भाऊसाहेबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण व्हायला आली तेव्हा मंडळानं ठरवलं की त्या निमित्तानं चर्चच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी बरोक गायनाचा कार्यक्रम करायचा. सगळी गाणी मनातल्या झगड्याची आणि त्यानंतरच्या निवांतपणाची. शेवटी भाऊसाहेब आणि शांतवन सर यांचं ते 'ग्वेर्रा-पाचे'. पत्रिकेचा मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. मी नाव दिलं, 'संघर्ष आणि शांती'. वर भाऊसाहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त, खाली बरोक गायनाचा कार्यक्रम, वेळ, स्थळ. एकही चूक नाही, हे मी तीनदा पाहिलं. भाऊसाहेब कागद घेऊन स्वतः गावात छापखान्यात गेले.

पत्रिका छापून आली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'संघर्ष आणि शांत'. ठळक अक्षरात. वेलांटी गायब. छापखानेवाल्यानं वर झेंडूच्या माळा टाकलेल्या, कोपऱ्यात कलश आणि नारळ, मधे भाऊसाहेबांचा फेट्यातला फोटो. गायनाचा कार्यक्रम हे शब्द मुंगीएवढे, तेही पार तळाशी. पंच्याहत्तरी वर लिहिलेली, खाली शांत. म्हणजे कुणालाही वाटणार की भाऊसाहेबांनी पंच्याहत्तरीची शांत घातलीय, होमहवन आहे, जेवण आहे.

मी म्हटलं, फेकून द्या आणि पुन्हा छापून घ्या, हवं तर मी जाऊन भांडते. भाऊसाहेब पत्रिकेकडे बघत होते. "राहू द्या, बाई," ते म्हणाले. मला वाटलं माझ्या कानात बिघाड झाला. पाच सुतांवरून सेक्रेटरीला सरळ करणारा माणूस अख्खी वेलांटी राहू द्या म्हणतो! वय झालं, असं मी मनात म्हटलं, आणि मला वाईट वाटलं. पत्रिकेचा फोटो त्यांनी त्याच दिवशी खाली 'शांतीला या' एवढंच लिहून मोबाईलवर सगळ्यांना पाठवला, पुणतांब्याच्या गावच्या ग्रुपवरही.

पुढचे दहा दिवस सोसायटीत नुसता गोंधळ. चौथ्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या, गुरुजी कोण आहेत. वॉचमनला वाटलं की शांत आहे आणि सोबत बारीक गाणं आहे. सेक्रेटरींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की शांत चर्चमध्ये घालता येते का, कारण त्यांच्या सासऱ्यांचीही जवळ आलीय. मी प्रत्येकाला वेलांटीपासून समजावून सांगत होते. ऐकून सगळे मान हलवत आणि जाताना विचारत, मग टॉवेल-टोपी आणायची ना?

रविवारी पाच वाजता हॉल भरला. निम्म्या लोकांच्या हातात नारळ. मी मागच्या बाकावर बसले होते, कारण पुढं बसून चुका ऐकण्याची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात पांढरा सदरा, पायजमा आणि टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन टेकले. मांडीवर कापडी पिशवी. त्यातून टॉवेलची घडी दिसत होती आणि थंड पेयाची एक जुनी प्लास्टिकची बाटली, पाण्यानं भरलेली. मी चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळ थेट भाऊसाहेबांचं, आठीसकट.

"बाई, शांत हितंच हाय ना?" त्यांनी हळूच विचारलं. "भटजी दिसंना."

मी म्हटलं भटजी नाहीत, होम नाही, गाणं आहे. त्यांनी पिशवीतली बाटली थोडी वर काढून मला दाखवली. "मंग हे पानी कदी घालायचं? गोदावरीचं आनलंय. शांतीला भावाच्या हातचं पानी लागतं."

आमच्याकडेही शांतीत शेवटी घरची माणसं कलशातलं पाणी त्या माणसाच्या डोक्यावर घालतात, ते मला ठाऊक होतं. मी एवढंच म्हणाले की बसा, सगळं झाल्यावर घाला.

गाणी सुरू झाली. नामदेवराव बाटली धरून बसले होते. कळत काही नसावं, पण उठून गेले नाहीत. भाऊसाहेब मागच्या ओळीत उभे, काळा कोट, नजर कागदावर. त्यांनी वर पाहिलं नव्हतं. शेवटी ते आणि शांतवन सर दोघं पुढं आले. पायपेटी वाजू लागली, आणि भाऊसाहेबांनी खालून 'ग्वेर्रा' सुरू केलं. सरांनी वरून धरलं. माझ्या शेजारी बाटली हलली. नामदेवरावांचा पाय फरशीवर ठेका धरत होता.

भांडणाचा भाग संपला. संथ भाग आला, 'पाचे, पाचे', आणि हॉलमध्ये नारळसुद्धा वाजेनात. मग क्षणभराची शांतता, आणि फेरमोजणी. भाऊसाहेबांनी परत खालून तीच सुरुवात केली.

आता भजनात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. सुरुवात फिरून आली की ती धरायची असते. त्यासाठी कुणी आमंत्रण देत नाही, आणि न धरणं हा गाणाऱ्याचा अपमान असतो. कार्यक्रमात श्रोत्यांनी गप्प बसायचं असतं, हे नामदेवरावांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि मागच्या बाकावरून वरचा आवाज धरला. शब्द नव्हते, नुसता आकार. म्हातारा, थोडा चिरका, पण सूर जागेवर. एकदाच ऐकलेली चाल, दोन ठिकाणी घसरले, पुन्हा सावरले.

माना वळल्या. शांतवन सरांनी एक क्षण मागं पाहिलं, आणि गाता गाता ते गप्प झाले. हात मात्र ताल देत राहिला. वरची जागा त्यांनी मोकळी करून दिली.

भाऊसाहेब थांबले होते. सतरा वर्षांत ज्यांचा आकडा चुकला नाही, त्यांच्या तोंडून सूर निघत नव्हता. पायपेटी पुढं गेली. मग त्यांनी कागद खाली केला, हॉलच्या टोकाकडे पाहिलं आणि गायला लागले. शब्द युद्धाचे होते. पण ते भांडण ऐकून चौथ्या मजल्यावरच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला, आणि मीही काही कोरडी राहिले नाही.

कार्यक्रम संपला. लोक नारळ घेऊन भाऊसाहेबांभोवती जमले. गर्दी ओसरल्यावर नामदेवराव पुढं गेले. पिशवी भावाच्या हातात दिली. "दादा, मदी दोन जागी मी चुकलो," ते म्हणाले. "पानी डोक्यावरून घे. गोदावरीचं हाय." शकुंतलाताईंनी जेवून जा म्हणून आग्रह केला, तर म्हणाले गाडी हाय, आणि निघाले.

भाऊसाहेब पिशवी धरून हॉलच्या दाराबाहेर उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि बोटं अंगठ्याला लागत होती. पाच, सहा, सात. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, आज तरी मोजू नका. आठ झाले तेव्हा नामदेवराव फाटकाबाहेर पोचले होते.

"नाही चुकला," भाऊसाहेब म्हणाले. ऐकायला मी आणि फाटकच होतो.

पुढच्या आठवड्यात माझ्या भाचीच्या डोहाळजेवणाच्या पत्रिकेसाठी मी त्याच छापखान्यात गेले. जाताना जुनं भांडण सोबत घेऊन गेले होते. मालकाला म्हटलं, तुमच्या एका वेलांटीनं आमची शोभा केली. तो बिचारा शांतपणे उठला, खणातून मूळ कागद काढून माझ्यापुढं ठेवला. माझंच अक्षर. 'संघर्ष आणि शांती'. आणि शेवटच्या वेलांटीवर लाल पेन्सिलीची बारीक, सरळ, पट्टी लावून मारलेली काट. शेजारी सही. खाली त्याच पेन्सिलीनं सूचना: कलश व नारळ टाकावा, तळाची ओळ लहान करावी.

मालक म्हणाला, "साहेबांनी समोर बसून करून घेतलंय, मॅडम. मी तर म्हणालो होतो, वेलांटी पाहिजे."

मी तशीच रिक्षा करून सावेडीला आले आणि भाऊसाहेबांची बेल वाजवली. ते गॅलरीत बसले होते. मी म्हणाले, "वेलांटी तुम्हीच खोडलीत."

त्यांनी आठ मोजले. मी थांबले.

"गाण्याला तो आला नसता, बाई," ते म्हणाले. "शांतीला न येऊन सांगतो कुणाला?" मग म्हणाले, "सूतभर इकडंतिकडं चालतं."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. मग मलाच विचारलं, "'शांत' आणि 'शांती', दोन्हीचं 'शांतीला या' असंच होतं ना? मग खोटं नाही ना पडलं?"

मी अडतीस वर्षांच्या नोकरीला स्मरून सांगितलं की दोन्हींचं रूप एकच होतं, खोटं नाही पडलं. मग नामदेवरावांचा फोन आला का, ते विचारलं. नाही, म्हणाले. यांनी केला होता, तिकडून उचलला नाही.

गॅलरीतल्या फळीवर ती थंड पेयाची बाटली होती. अर्धी भरलेली. मी म्हटलं, "पाणी उरलंय?"

"अर्धं डोक्यावरून घेतलं, अर्धं ठेवलंय. नामाची पंच्याहत्तरी चार वर्षं, दोन महिने आणि अकरा दिवसांनी आहे. तेव्हा बोलावील तो." ते बाटलीकडे बघत होते. "शांतीला भावाच्या हातचं पाणी लागतं."

चार वर्षांनी भाऊसाहेब एकोणऐंशीचे होतील. हा हिशोब मला करता येतो, तो त्यांनी केला नसेल असं नाही. मी उगाच चष्मा लावून बाटली पाहिली. पाण्याच्या पातळीवर लाल शाईची आडवी रेघ मारलेली होती, पट्टी लावून. पाणी रेघेवर होतं.